घरी दोन म्हशी, तरी आईचं हाड ठिसूळ निघालं. दूध खरंच कामाचं असते का?

दर्यापूरकडचा_गडी | ९ जानेवारी, रात्री ९:५०
नमस्कार मंडळी. दोन-तीन वर्षं झाले नुसतं वाचतच होतो, आज राहवलं नाही म्हणून धागा काढून रायलो. माही आई ६४ वर्षांची. डिसेंबरात न्हाणीच्या उंबरठ्यावर पाय घसरला, काही उंचावरून नाही पडली, उभ्याउभी बसल्यासारखी पडली आन खुब्याचं हाड मोडलं. अमरावतीले ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून दोन-चार पावलं टाकते. डॉक्टरनं हाडाची घनता मोजली, टी-स्कोर उणे ३.१. म्हणे हाडं ठिसूळ झाले, दूध घेतात का? मी छाती फुगवून सांगितलं की साहेब घरी दोन म्हशी हायेत. आईनं मान खाली घातली.

घरी आल्यावर विचारलं तं समजलं. सकाळचं दूध साडेसहाले डेअरीवर जाते, सांजचं सातले. मांगं अर्धा लिटर राहते ते बाबाच्या चहाले आन माह्या पोराच्या गिलासात. आई तीस वर्षं झाले काळा चहा पिते. मले वाटे तिले आवडते म्हणून पिते.

आता प्रश्न असा की ६४व्या वर्षी दूध सुरू करून फायदा हाय का गेलं ते गेलंच? भाऊ म्हणते नाचणी-तीळ दे, मावशी म्हणते दुधानं कफ होते, आन रक्तात कॅल्शियम नॉर्मल आलं होतं, मंग हाडात कमी कसं काय?

ढेपवाला | ९ जानेवारी, रात्री १०:०४
भाऊ तुह्या घरचं नाही, घराघरातलं हाय हे. माह्याकडं चार म्हशी आन एक जर्सी. तुहा धागा वाचून बायकोले विचारलं की तू दूध पितं का, तं म्हणे "आत्ता सुचलं व्हय". आता जेवण मिळते का नाही पाहतो.

बिनधास्त_बंड्या | ९ जानेवारी, रात्री १०:१५
सुपारी-तंबाखूच्या खर्र्यात चुना असते, चुना म्हणजे कॅल्शियम. त्या हिशोबानं आमच्या पानठेल्यावरच्या पोट्ट्यायचे हाडं लोखंडाचे पाहिजे 😄

आहारवाली_नागपूर | ९ जानेवारी, रात्री १०:४८
रक्ताच्या रिपोर्टचं आधी सांगते, कारण हा घोळ सगळ्यांचाच होतो. रक्तातलं कॅल्शियम फार हललं तर हृदय आणि स्नायू नीट चालणार नाहीत, म्हणून शरीर ते ठराविक पातळीवर धरून ठेवतं. ताटातून आलं नाही की हाडातून काढतं. चक्कीवरून रोज पीठ घरी येतंय म्हणून कणगी भरलेली आहे असं होत नाही ना, तसंच. रिपोर्ट पीठ मोजतो, कणगी मोजायला ती घनतेची तपासणी लागते.

दुसरं, तुमच्या आईचं जेवण मी अंदाजाने मांडून पाहिलं. दोन वेळ ज्वारीची भाकर, तुरीचं वरण किंवा बेसन, एखादी भाजी, ठेचा, काळा चहा. हैदराबादच्या पोषण संस्थेच्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम ३० मिग्रॅसुद्धा नाही. दिवसाचं सगळं मिळून तीनशेच्या आसपास जाईल, पालेभाजी असेल त्या दिवशी थोडं जास्त. आणि गरज किती? त्याच संस्थेने २०२० मध्ये मोठ्या माणसासाठी १००० मिग्रॅ आणि पाळी गेलेल्या बाईसाठी १२०० सांगितलंय. त्याआधी २०१० मध्ये मोठ्यांसाठी ६०० च होतं, म्हणून जुन्या पुस्तकात वेगळा आकडा दिसेल. २०० मिली दूध म्हणजे साधारण २४० मिग्रॅ कॅल्शियम आणि ६-७ ग्रॅम प्रथिनं. गाय असो की म्हैस, कॅल्शियममध्ये फारसा फरक नाही, म्हशीत प्रथिनं थोडी जास्त, फॅट बरंच जास्त. साय काढून घेतली तरी कॅल्शियम खालीच राहतं, दुधातच. तुपात मात्र ते नसतंच. हे लिहायचं कारण, बऱ्याच घरी "बाई तूप खाते की" असं सांगतात.

कफाचं म्हणाल तर दूध प्यायल्यावर घशात जरा जाडसर वाटतं, पण त्यानं कफ तयार होत नाही. फारच वाटत असेल तर दही द्या.

@बंड्या, खर्र्यानं तोंड आखडतं. त्या पोट्ट्यांना तोंड पूर्ण उघडून दाखवायला सांग एकदा. तीन बोटं आत गेली नाहीत की हसू जाईल तुझं.

बिनधास्त_बंड्या | ९ जानेवारी, रात्री १०:५५
म्याडम तुम्ही तं सरळ काळजावरच हाणलं. गेल्या संक्रांतीले सोडला म्या. खरंच.

पुण्यात_अडकलेला | १० जानेवारी, सकाळी ८:२०
मूळ गाव मूर्तिजापूरजवळ, सध्या पुणे. जरा उलटं बोलतो, राग मानू नका. दूध-हाडं-दूध-हाडं हे डेअरीवाल्यांनी डोक्यात भरवलंय. २०१४ साली बीएमजे या ब्रिटिश मासिकात स्वीडनचा अभ्यास आला होता, ६१ हजारांवर बायका, त्यात जास्त दूध पिणाऱ्या बायकांची हाडं जास्त मोडली, मृत्यूही जास्त. मी दूध बंद करून चार वर्षं झाली, काही बिघडलं नाही. तीळ, नाचणी, शेवग्याचा पाला, तरोटा, आपल्याकडे काय कमी आहे?

गवळाऊ_प्रेमी | १० जानेवारी, सकाळी ९:०२
मुद्दा हा की दूध कोणतं. आमच्या आर्वी-कारंजाकडं गवळाऊ गाय, चरायला जंगलात, तिचं धारोष्ण दूध प्या, काढलं की लगेच, तापवायचं नाही. आमच्या आज्यानं जन्मभर निरसं दूध पेलं, नव्वदीत वावरात जाये. डेअरीचं दूध म्हणजे पाणी.

ढेपवाला | १० जानेवारी, सकाळी ९:१०
@गवळाऊ_प्रेमी गाय सुंदर हाय तुमची, पांढरीशुभ्र, बैल तं काय पयते. पण दूध किती देते ते पण सांगा नं 😀 आमच्या पूर्णाथडीवाल्यायचं ऐका, भुरी म्हैस, खारं पाणी पिऊन बी फॅट सोडत नाही.

डॉ_बिनपाटीचा | १० जानेवारी, दुपारी १:३५
निरसं दूध पिऊ नका हो. गावात प्रॅक्टिस करतो, जनावरापासून माणसाला होणाऱ्या ब्रुसेलोसिस तापाचे पेशंट पाहिलेत. महिनोनमहिने संध्याकाळी ताप, घाम, कंबर धरलेली, माणूस मलेरियाची अन् टायफॉइडची औषधं खाऊन थकतो. तो जंतू मणक्यात जाऊन बसतो. म्हणजे हाडासाठी दूध प्यायचं आणि हाडातच रोग घ्यायचा. नीट उकळी येऊ द्या. कॅल्शियम उकळल्यानं जात नाही, ते खनिज आहे, उडून कुठं जाणार. आणि आज्याच्या नव्वदीमागं त्याचं वावर पण आहे, एकट्या दुधाला श्रेय देऊ नका.

पुणेकर भाऊंनी सांगितलेला अभ्यास खरा आहे, पण अर्धा सांगितला. एक, तो निरीक्षणाचा अभ्यास, कोण किती पितं ते विचारलं आणि पुढं काय झालं ते पाहिलं. ज्याला हाडाची भीती तोच जास्त दूध पितो, असंही त्यात असू शकतं. दोन, त्याच अभ्यासात दही-चीज खाणाऱ्या बायकांमध्ये मृत्यू आणि फ्रॅक्चर कमी होते, तो भाग कोणी पुढं ढकलत नाही. तीन, तिथं धोका दिसला तो दिवसाला तीन-तीन गिलास पिणाऱ्यांत. आपल्या माउल्यांना एक मिळत नाहीये.

त्याच मासिकात २०२१ साली ऑस्ट्रेलियाचा प्रयोग छापून आलाय. ६० वृद्धाश्रम, सात हजारांवर माणसं, सरासरी वय ८६. अर्ध्या आश्रमांत नेहमीचं जेवण, अर्ध्यांत दूध-दही-चीज वाढवलं. कॅल्शियम रोजचं सातशेच्या आसपास होतं ते ११४२ वर गेलं, प्रथिनं वजनाच्या किलोमागे १.१ ग्रॅमवर. दोन वर्षांत फ्रॅक्चर ३३ टक्क्यांनी कमी, खुब्याची ४६ टक्क्यांनी, पडणं ११ टक्क्यांनी. मृत्यूच्या आकड्यात फरक नव्हता, तेही सांगितलं पाहिजे. आणि त्या लोकांना ड जीवनसत्त्व आधीपासून पुरेसं होतं. तर गडीभाऊ, ८६ व्या वर्षी फरक पडतो तर ६४ म्हणजे काहीच नाही.

पण एक गोष्ट. खुबा मोडल्यावर नुसत्या दुधावर राहू नका. त्यासाठी औषध असतं, एक तर वर्षातून एकदाच सलाईनमधून देतात, आधी किडनी आणि ड जीवनसत्त्व तपासून. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला स्वतःहून विचारा, बऱ्याचदा हाड जोडलं की सगळे विसरतात.

पुण्यात_अडकलेला | १० जानेवारी, दुपारी २:१०
दह्याचा भाग मी वाचला नव्हता, मान्य. पण तीळ-नाचणीचं उत्तर नाही मिळालं.

आहारवाली_नागपूर | १० जानेवारी, दुपारी ३:००
देते. नाचणी चांगली, १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या वर. पण नाचणी आपल्या पश्चिम विदर्भात रोज कोण खातं? कोकणातल्या माणसाला सांगितलेला सल्ला वऱ्हाडात चिकटवायचा आणि मग बाई दुकानातून महागडं पीठ आणते, आठ दिवस खाते, डबा फडताळात. तिळात आकडा मोठा आहे, पण आपण खातो चमचाभर, म्हणजे ५०-६० मिग्रॅ, आणि त्यातलंही सगळं लागू पडत नाही कारण सालीत ऑक्झलेट असतं. पालकाचं तेच, कॅल्शियम दिसतं भरपूर, शरीराला मिळतं पाचेक टक्के. दुधातलं तीसेक टक्के मिळतं. शेवग्याचा पाला खरंच उत्तम. तरोटा, आंबाडी पावसाळ्यात खाच. मी "दूधच" असं म्हणत नाही, दूध सगळ्यात कमी भानगडीचं आहे आणि यांच्या तर गोठ्यातच आहे.

लिंबाखालचा_बुढा | १० जानेवारी, रात्री ८:४५
मी ७१ वर्षांचा, नातीकडून टाईप करून घेतो, चुका तिच्या.

तुम्ही लोक दूध दूध करता, पण आमच्या लहानपणी बायांनी दूध तरी कुठं पेलं. दूध तेव्हाही लेकराले आन पाहुण्याले. फरक ताकाचा हाय. तेव्हा गावातनी दूध विकाले जागाच नव्हती, शहर दूर, गाडी नाही, दूध नासून जाये. म्हणून सगळ्याचं दही लागे. माही माय पाहाटे चारले उठून डेऱ्यात घुसळे, रवीची दोरी ओढता ओढता ओव्या म्हणे, त्या घरघरीनं आमाले जाग येत जाये. लोणी निघे, त्याचं तूप कढवून शहरात व्यापाऱ्याले. पैसा तुपाचा. आन ताक घरातच राहे, ते इकाचं नाही, इकलं तं पाप. डेराभर ताक. सकाळी ताकातल्या कण्या, दुपारी कढी, गड्याले ताक, शेजारची बाई तांब्या घेऊन ये, तिलेही ताक. "ताकाले जाऊन भांडं लपवू नको" हे म्हण काही उगी नाही पडली, खरंच जात लोकं ताकाले.

मंग डेअरी आली. चांगलं झालं, रोकडा पैसा आला, माह्या दोन पोरी त्याच्यावर शिकल्या, मी नाव ठेवत नाही. पण डेअरीनं सगळंच दूध नेलं. दही लागाचं बंद, ताक बंद. डेरा आमचा आता अंगणात पालथा हाय, त्याच्यावर कोंबडी बसते.

संत्र्याची_फोड | १० जानेवारी, रात्री ८:५८
काका, कोंबडी वाचून हसू आलं आणि मग नाही आलं.

आहारवाली_नागपूर | १० जानेवारी, रात्री ९:२०
काका, तुम्ही म्हणता ते बरोबर बसतंय. लोण्यात जातं ते फॅट. कॅल्शियम आणि प्रथिनं ताकातच राहतात. म्हणजे विकलं जायचं ते फॅट आणि हाडाचं सामान घरातल्या बायांच्या पोटात. मी वीस वर्षं हेच काम करते, अशी मांडणी कधी केली नव्हती. फक्त ताक फार पातळ असलं तर त्या मानानं कमीच मिळणार, एका वाटीचं चार तांबे केलं तर हिशोब तसाच धरा.

खारपाणातला | ११ जानेवारी, सकाळी ७:३०
आमच्या खाऱ्या पाण्याच्या खारपाण पट्ट्यात निम्म्या गावाले मुतखडा. डॉक्टरच म्हणे कॅल्शियम बंद करा. मंग ताक प्यायचं का नाही?

डॉ_बिनपाटीचा | ११ जानेवारी, सकाळी ७:५५
बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे. जेवणासोबत दही-ताक घेतलं तर ते कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि शौचावाटे जातं, लघवीत जात नाही. म्हणजे जेवणातलं कॅल्शियम तोडलं तर खडा वाढायचीच शक्यता. गोळ्या स्वतःच्या मनानं खाणं वेगळं, ते नको. पाणी भरपूर, मीठ कमी. ताकात मूठभर मीठ टाकून पिऊ नका म्हणजे झालं.

केळापूरची_आशा | ११ जानेवारी, दुपारी १२:४०
मी आशाताई आहे, आमचा भाग यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडचा. इथं अजून एक भानगड, पाण्यात फ्लोराईड. काही गावांत लेकरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, म्हाताऱ्यांची पाठ धरलेली, मान वळत नाही. लोक म्हणतात वात आहे, हाडं झिजली. हाडं झिजलेली नाहीत, फ्लोराईड साठून कडक झालेली असतात. अशा गावात आधी बोअर बदला, दूध नंतर. कॅल्शियम कमी खाणाऱ्याला फ्लोराईडचा त्रास जास्त होतो असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलंय, म्हणून दूध-ताक तिथंही पाहिजेच.

आणि गरोदर बायांचं सांगते. सरकारी दवाखान्यातून कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, चौथ्या महिन्यापासून दिवसाला दोन, बाळंतपणानंतर सहा महिने. जेवणासोबत घ्यायच्या. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र नाही, कॅल्शियम लोहाला आत जाऊ देत नाही. बाया दोन्ही एकदमच गिळून टाकतात, "ताई एकदा पाणी पेलं की झालं". मी आता एक सकाळच्या जेवणाची, एक रात्रीच्या जेवणाची, आणि लोहाची दुपारी असं चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहून देते.

भंडाऱ्याची_सून | ११ जानेवारी, दुपारी १:१५
आशाताई, अंगावर पाजल्यानं हाडं कायमची झिजतात हे खरं का? सासूबाई म्हणतात तीन लेकरं पाजली म्हणून माझी कंबर गेली.

डॉ_बिनपाटीचा | ११ जानेवारी, दुपारी २:०५
पाजत असताना हाडाची घनता तीन ते सात टक्के उतरते हे खरं, आणि पाजणं थांबल्यावर वर्षभरात ती परत भरतेही. अंगावर पाजणं बंद करायचं कारण नाही. सासूबाईंच्या कमरेला पाळी गेल्यानंतरची वर्षं जास्त कारणीभूत असतील. आपल्याकडं पाळी सत्तेचाळिशीच्या सुमारास जाते आणि पुढची पाच-सात वर्षं हाड भराभर उतरतं.

फिजिओ_ताई | ११ जानेवारी, रात्री ९:३०
सगळे हाडावरच बोलताय, मांसाचं कोण बघणार? गडीदादा, तुमची आई का पडली, हे विचारा आधी. ठिसूळ हाड असलेली बाई पडलीच नाही तर बहुतेक वेळा तिचा खुबा मोडत नाही. तिशी-चाळिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू तीन ते आठ टक्के कमी होतात, साठीनंतर वेग वाढतो, आणि पहिले जातात ते मांड्यांचे. घसरल्यावर पाय पटकन पुढं टाकून सावरायला जो जोर लागतो तोच नसतो.

माझी साधी परीक्षा आहे. म्हातारीला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवायचं, हात छातीशी, आणि पाच वेळा उठ-बस करायला सांगायचं. पंधरा सेकंदांच्या वर वेळ लागला की काम सुरू करायचं. एका आजीला उठताच येईना, म्हणे "बाई माह्या खाटेच्या दोरीले धरून उठतो मी, खुर्चीले दोरी कुठं हाय". दोन उशा ठेवून खुर्ची उंच केली, आठवड्याला एक उशी काढत गेलो. दीड महिन्यात उठायला लागली. पण तुमच्या आईला हे आत्ता लगेच नाही, ऑपरेशनवाल्या डॉक्टरनं किती वजन टाकायला सांगितलंय त्यावर.

आणि व्यायामासोबत प्रथिनं नसतील तर भिंत बांधायला गवंडी बोलावला आणि विटाच नाहीत. म्हाताऱ्या माणसाला किलोमागे एक ग्रॅम तरी. ५० किलोच्या बाईला ५० ग्रॅम. भाकरी-ठेच्यात ते होत नाही. दोन वेळ दूध-दही, वाटीभर घट्ट वरण, चालत असेल तर अंडं.

जिमचा_पोट्टा_अकोट | ११ जानेवारी, रात्री ९:४५
व्हे प्रोटीन म्हणजे पनीर केल्यावर जे पाणी उरते तेच न? मंग आम्ही येवढे पैसे काहून देऊन रायलो, आई तं त्या पाण्यात कणिक भिजवते 😭

आहारवाली_नागपूर | ११ जानेवारी, रात्री १०:१०
अगदी तेच नाही. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ऐंशी टक्के केसीन, वीस टक्के व्हे. चीजच्या कारखान्यात दूध फार तापवत नाहीत म्हणून व्हे पाण्यात सुटतं, ते गाळून पावडर करतात. घरी आपण दूध उकळतो, त्यामुळे व्हेमधलं बरंचसं प्रथिन पनीरलाच चिकटून येतं. पाण्यात थोडं उरतं. आईची कणिक चालू दे, तू पनीर खा.

ढेपवाला | ११ जानेवारी, रात्री १०:३०
मी हिशोब केला. बायकोले दिवसाले ४०० मिली धरलं तं महिन्याचे १२ लिटर. आमच्या केंद्रावर म्हशीचा ५५ च्या आसपास भाव बसते, म्हणजे ६६० रुपये. येवढे तं मी महिन्याले नाक्यावर चहा-पोह्यात घालतो. बायकोले दाखवला हिशोब. ती म्हणे आकडे नको दाखवू, गिलास दे.

पोटाचा_बिमार | ११ जानेवारी, रात्री १०:४२
दूध पेलं की अर्ध्या तासात पोटात ढोल वाजते. माह्यासारख्यायनं काय करावं.

डॉ_बिनपाटीचा | ११ जानेवारी, रात्री १०:५०
दुधातली साखर पचत नसेल. दही लावा, विरजणातले जंतू ती बरीचशी खाऊन टाकतात. ताक, पनीर चालतं बहुतेकांना. दूध घ्यायचंच तर अर्धा कप, जेवणासोबत.

काटोलची_मास्तरीण | १२ जानेवारी, सकाळी १०:२०
सगळं म्हातारपणावर चाललंय म्हणून लिहिते. हाड भरायचं वय शाळेतलं आहे. मुलींमध्ये साडेबाराच्या आसपास आणि मुलांत चौदाच्या आसपास जी दोन वर्षं येतात त्यात मोठेपणीच्या हाडातलं पाव खनिज भरलं जातं. तिशीपर्यंत थोडं थोडं, मग उतारच. माझ्या सातवीच्या वर्गात सकाळी काय खाऊन आलात असं विचारलं. मुलांपैकी बऱ्याच जणांनी दूध म्हटलं, मुलींपैकी बऱ्याच जणींनी चहा-टोस. एक मुलगी म्हणाली, दूध दादा घेतो, त्याला कबड्डीला जायचं असतं. ती स्वतः पण कबड्डीत आहे, आमच्या टीममध्ये पकड तीच करते.

दर्यापूरकडचा_गडी | १२ जानेवारी, रात्री ९:१५
सगळ्यायले धन्यवाद, एवढं लिहाल वाटलं नव्हतं. लिंबाखालच्या काकाचं आईले वाचून दाखवलं, ती म्हणे आपलाही डेरा होता, सरपणाच्या खोलीत हाय.

एक गोष्ट मात्र सांगाची राहिली. तेव्हा महत्त्वाची वाटली नाही. आई चार वर्षं झाले गुडघ्यासाठी बाजाराच्या दिवशी एका माणसाकडून पुड्या आणते. पांढरी भुकटी, पाण्यासंगं. दुसऱ्याच दिवशी टणाटण चालते. चेहरा थोडा भरला होता, आम्ही म्हणो तब्येत सुधारली. तिचा काही संबंध?

डॉ_बिनपाटीचा | १२ जानेवारी, रात्री ९:२२
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला पाहिजे होतं हो. दुसऱ्या दिवशी टणाटण आणि चेहरा गोल, याचा अर्थ त्यात स्टेरॉईड असण्याची दाट शंका. ते महिनोनमहिने घेतलं की हाडं पोखरतात, मांड्यांचे स्नायू वितळतात, साखर आणि बीपी वाढतो. गावोगाव चालू आहे हे.

महत्त्वाचं, एकदम बंद करू नका. चार वर्षं घेतल्यावर शरीरानं स्वतःचं स्टेरॉईड तयार करणं थांबवलेलं असू शकतं, अचानक तोडलं तर बीपी उतरून जिवावर येतं. पुडी आहे तशी कागदासकट घेऊन उद्याच डॉक्टरकडं जा, ते हळूहळू कमी करतील. ऑपरेशनच्या वेळी सांगितलं होतं का?

दर्यापूरकडचा_गडी | १२ जानेवारी, रात्री ९:२५
नाही सांगितलं. कोणी विचारलंच नाही आन आमाले सुचलं नाही. सकाळीच निघतो.

फिजिओ_ताई | १२ जानेवारी, रात्री ९:४०
आणि गुडघेदुखी वेगळी, ठिसूळ हाड वेगळं. गुडघा दुखतो तो कूर्चा झिजून, त्याला दूध किंवा कॅल्शियमची गोळी घेऊन आराम पडत नाही. ठिसूळ हाड मोडेपर्यंत दुखतच नाही, म्हणून कोणाला कळत नाही.

केळापूरची_आशा | १२ जानेवारी, रात्री १०:०५
उन्हाचं कोणी बोललं नाही. शेतातल्या बाईला ड जीवनसत्त्व कमी कसं, असं सगळे विचारतात. कापूस वेचताना बाई बघा, लुगड्यावर नवऱ्याचा फुल बाहीचा शर्ट, डोक्या-तोंडाले दुपट्टा, नुसते डोळे उघडे. बोंडाच्या काट्यांनी हात सोलतात म्हणून शर्ट घालावाच लागतो. दिवसभर उन्हात आणि चामडीला ऊन नाही. दुपारी जेवायच्या सुट्टीत बाह्या वर करून बसा म्हणते मी, तर म्हणतात काळी पडीन. आणि दुधात ड जीवनसत्त्व अगदी थोडं असतं, ते वेगळं टाकलं असेल तरच, पाकिटावर निळा प्लस-एफ दिसतो ते.

दर्यापूरकडचा_गडी | ३ एप्रिल, रात्री ८:३०
धागा वर आणतो, बरेच जण मेसेज करून विचारत होते. पुडीत तेच निघालं, निदान डॉक्टर तरी तेच म्हणे, आईच्या सकाळच्या रक्तात शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड फार कमी होतं. गोळी लावून हळूहळू उतरवत हायेत. वर्षाचं इंजेक्शन फेब्रुवारीत झालं, आधी ड जीवनसत्त्व भरून काढलं. न्हाणीले उंबरठा फोडून टाकला, खडबडीत फरशी लावली, रात्रीचा एक बल्ब. वॉकर सुटला, काठी हाय.

दुधाचं सांगतो. जानेवारीत मी रोज गिलास भरून देवो, आन रिकामा गिलास दिसे. मले वाटे पेली. एक दिवस पोरगं म्हणे आजी मले रोज दोन गिलास देते. मंग भांडण झालं, रडारड झाली. आता दूध देतच नाही. डेरा तं फुटका निघाला, तिनंच स्टीलच्या गंजात विरजण लावाले सुरुवात केली, सांजचं दोन लिटर डेअरीवर जात नाही, दह्याले राहते. बाबा कुरकुरले दोन दिवस. आता त्यायलेच कढी लागते. दही-ताक ती खाते, कारण ते तिनं केलेलं असते आन उरते. शेजारची काकू तांब्या घेऊन यायले लागली.

लिंबाखालचा_बुढा | ३ एप्रिल, रात्री ८:५०
शेजारीण आली म्हणजे ताक बरं जमते. आईले माहा नमस्कार सांग.

ढेपवाला | ३ एप्रिल, रात्री ९:०५
झ्याक काम केलं भाऊ. एक विचारू का, म्हशी कधी व्यायल्या होत्या? उन्हाळ्यात दोन्ही एकदमच आटल्या तं मंग दही कशाचं लावसान?

दर्यापूरकडचा_गडी | ३ एप्रिल, रात्री ९:१२
एक म्हैस मे अखेर आटते, दुसरी गाभण राहिलीच नाही म्हणून चालू हाय. ती पण आटली तं डेअरीतून इकत आणू. आजपर्यंत तिकडं दिलं, महिनाभर तिकडून घेऊ.